पहिली दोन पावलं: रोजनिशीतली काही पानं

2 नोव्हेंबर 2025, रविवार. मिसिसागा

पुढच्या सोमवारी डंकन कीथ टोरांटोच्या हॉकी हॉल ऑफ फेममध्ये दाखल होतोय. त्याच्याबरोबर झ्देनो चारा आहे, जो थॉर्नटन आहे, आणखीही काही जण आहेत. कीथ आणि चारा दोघेही बचावपटू, इथल्या बोलण्यात डिफेन्समन. आठवडाभर रेडिओवर, शेजाऱ्यांकडे, आमच्या क्लिनिकच्या बाकांवर हाच विषय चालणार. गौरवाची भाषणं होतील, ती व्हायलाच हवीत. मला मात्र त्या निमित्ताने एक गोष्ट नीट लिहून काढायची आहे. तिशी ओलांडल्यावर हे मोठे डिफेन्समन उतरणीला लागतात ते वयामुळे, की त्यांच्याकडून करून घेतलेल्या कामामुळे? रोज खुबे आणि गुडघे हाताळणं हाच माझा व्यवसाय आहे. त्यामुळे हा प्रश्न मी नुसत्या प्रेक्षकाच्या नजरेने बघूच शकत नाही.

कीथचं नाव निघालं की लोक दातांची गोष्ट सांगतात. 2010 च्या प्लेऑफमध्ये, म्हणजे मोसमानंतरच्या बाद फेऱ्यांत, सॅन होजेविरुद्ध पक (खेळायची रबरी चकती) तोंडावर बसला, सात दात गेले, आणि पठ्ठ्या त्याच सामन्यात परत बर्फावर उतरला. गोष्ट खरी आहे. पण त्याच्या शरीराचा हिशोब मांडायचा तर 2015 पाहायला हवं.

सामन्याला सहा डिफेन्समन उतरतात, म्हणजे तीन जोड्या. सामना 60 मिनिटांचा. सारखी वाटणी केली तर प्रत्येकाला 20 मिनिटं येतात. एक शिफ्ट साधारण 45 सेकंदांची. मग बाकीच्या दोन जोड्या खेळतात तोवर, म्हणजे दीड मिनिट, बेंचवर बसायचं. 2015 च्या प्लेऑफमध्ये दुसऱ्या फेरीत कीथच्या शिकागो संघातल्या मिहाल रोझिवालचा घोटा मोडला, आणि प्रशिक्षक जोएल क्वेनविल यांचा भरवसा चौघांवरच उरला: कीथ, ब्रेंट सीब्रुक, निक्लास यालमारसन आणि जॉनी ओडुया. चाळिशीचा किमो टिमोनेन संघात होता, पण तो पायात आणि फुप्फुसांत झालेल्या रक्ताच्या गुठळ्यांतून उठून आलेला. त्याला थोडाच वेळ उतरवत. चार माणसं म्हणजे दोन जोड्या. 45 सेकंद काम आणि 45 सेकंद विश्रांती. स्नायूंमध्ये झटक्याच्या हालचालीसाठी जो तातडीचा साठा असतो तो पुरता भरून यायला काही मिनिटं लागतात. इथे मिनिटभरही मिळत नव्हतं. अनाहाइमविरुद्धचा एक सामना तर तिसऱ्या ओव्हरटाइमपर्यंत गेला.

त्या प्लेऑफमध्ये कीथ 23 सामने खेळला, सामन्याला सरासरी 31 मिनिटं 7 सेकंद. शेवटच्या सामन्यात कप, म्हणजे विजेतेपदाचा करंडक, जिंकून देणारा गोलही त्याचाच, आणि प्लेऑफमधल्या सर्वोत्तम खेळाडूचा कॉन स्माइथ करंडकही त्यालाच मिळाला. वय 31. जूनमध्ये हे झालं, आणि ऑक्टोबरमध्ये उजव्या गुडघ्यातल्या मेनिस्कसची, म्हणजे दोन हाडांमधल्या कूर्चेच्या गादीची शस्त्रक्रिया. अशी गादी फाटते एका क्षणात, पण फाटण्याइतकी जीर्ण होते ती वर्षानुवर्षांच्या कामाने.

4 नोव्हेंबर, मंगळवार

आज क्लिनिकमध्ये चव्वेचाळीस वर्षांचे एक गृहस्थ आले. ट्रक चालवतात. शाळेपासून डिफेन्सवर खेळत आलेत, अजूनही प्रौढांच्या लीगमध्ये रात्री उशिराचे सामने खेळतात. तक्रार दुखण्याची नव्हतीच. म्हणाले, "मला वळायला उशीर होतो. समोरचा कुठे जाणार ते कळतं, पण मी तिथे नसतो."

त्यांना टेबलावर उताणं झोपवलं. उजवा गुडघा पोटाकडे घेतला, काटकोनात धरला, मग गुडघा किंचित आत आणि टाच बाहेरच्या बाजूला नेली. निरोगी खुब्यात ही हालचाल तीस-चाळीस अंश सहज होते. यांची दहाच्या आसपास थांबली. पुढे हाड हाडाला टेकल्याचं हाताला स्पष्ट जाणवलं. थोडा जोर दिला तर त्यांनी नकळत कंबर टेबलावरून उचलली. खुब्यातून मिळत नाही ती हालचाल शरीर कमरेतून उसनी घेतं, आणि हीच उसनवारी पुढे पाठीच्या खालच्या भागाला महागात पडते. डाव्या बाजूला तर जांघेत कळ आली आणि त्यांचा चेहरा आवळला.

मांडीच्या हाडाचं डोकं गोल असतं, ते खुब्याच्या वाटीत फिरतं. डोक्याखाली हाडाची मान. हॉकीपटूंमध्ये या मानेवर हाडाचा एक उंचवटा पुष्कळदा सापडतो. तो बनतो वाढीच्या वयात, हाडाच्या वाढीची रेघ अजून उघडी असताना. स्केटिंगची ढब चालण्यापळण्यापेक्षा वेगळी आहे. पाय बाहेर वळवून मागे आणि बाजूला रेटायचा, मग खोल वाकलेल्या स्थितीत पुन्हा अंगाखाली ओढून आणायचा. हजारो वेळा, दर हिवाळ्यात. तेव्हा बनलेला उंचवटा जन्मभर तिथेच राहतो, आणि पाय खोल वाकवून आत वळवला की वाटीच्या कडेवरच्या कूर्चेला चिमटतो. ती कड, लॅब्रम, झिजते, फाटते.

डिफेन्समनला हे फॉरवर्डपेक्षा जास्त का भोवतं? त्याचं अर्धं काम पाठमोरं आहे. समोरून कुणी वेगाने येत असताना तो खाली बसून मागे मागे जातो, आणि नेमक्या क्षणी खुबा उघडून मागचं पुढे वळतो. त्या वळण्यात त्याचं सगळं कसब. खुबा पुरता उघडेना झाला की दोनच मार्ग उरतात. एक तर लवकर वळायला सुरुवात करायची, मग फॉरवर्डला ते दिसतं आणि तो उलट्या बाजूने निघून जातो. नाहीतर आधीपासूनच जास्त अंतर ठेवायचं, ज्याला इथे सगळे गॅप म्हणतात. दहा फुटांचा गॅप पंधरावर गेला की समोरच्याला शॉट मारायला हवी तेवढी जागा मिळाली. गॅलरीतला प्रेक्षक म्हणतो, "हा मंदावला." पाय कदाचित अजून मंदावलेलेही नसतात. सांधा अडलेला असतो.

पायही मंदावतात, हेही खरं. झटक्याने आकुंचन पावणारे स्नायूतंतू तिशीनंतर कमी होत जातात, हळू आकुंचन पावणारे बरेच टिकतात. म्हणून पस्तिशीचा डिफेन्समन शिफ्टच्या शेवटीही दमलेला दिसत नाही. तो हरतो ती पहिली दोन पावलं. एकदा वेग धरला की तो विशीतल्या पोराबरोबर जाऊ शकतो, पण तोवर पोरगा पुढे गेलेला असतो.

5 नोव्हेंबर, बुधवार

दादाचा सांगलीहून फोन आला होता. तो जिल्ह्यातून कबड्डी खेळायचा, डावा कोपरा. मी हे सगळं सांगितलं तर लगेच म्हणाला, "अगं, आमचंही तेच की! तेहतिसाव्या वर्षी मला चढाईपटूच्या खांद्यावरून कळायचं, कुठला पाय पुढे टाकणार. विशीत यातलं काही कळत नव्हतं, तरी पकड व्हायची. नंतर सगळं कळायचं आणि हात पोचेपर्यंत पाय निसटलेला असायचा."

अनुभव वाढतो तो शरीराची तूट भरून काढण्यासाठीच, आणि बरीच वर्षं काढतोही. डिफेन्समन फॉरवर्डपेक्षा उशिरा पिकतात आणि टिकतातही जरा जास्त, असं या खेळातली जाणती माणसं सांगतात त्याचं कारण हेच. गोल करायला झटका लागतो, जागा राखायला जाण लागते. पण जाणही शेवटी खुब्यावर आणि गुडघ्यावरच उभी असते.

7 नोव्हेंबर, शुक्रवार, रात्री

जुन्या नोंदी काढून बसले होते. वय आणि काम या दोन गोष्टी वेगळ्या करून पाहायच्या असतील तर 2003 च्या ड्राफ्टसारखी संधी नाही. त्या जूनमध्ये नॅशव्हिलला संघांनी जी मुलं निवडली, त्यांत 1985 साली जन्मलेले पाच डिफेन्समन असे निघाले की पाचही जण एनएचएलमध्ये, म्हणजे इथल्या सर्वोच्च हॉकी लीगमध्ये, हजारावर सामने खेळले. रायन सूटर सातवा, डियॉन फनफ नववा, ब्रेंट सीब्रुक चौदावा, ब्रेंट बर्न्स विसावा, आणि शे वेबर दुसऱ्या फेरीत एकोणपन्नासावा. वय एक, पिढी एक, नियम तेच, बर्फ तोच. शेवट मात्र पाचही जणांचे निराळे.

फनफ इथला, टोरांटोचा माजी कर्णधार. त्याच्या धडका म्हणजे बातम्यांचं खाद्य. मध्य रिंकमध्ये एखादा मान खाली घालून आला की फनफ त्याला आडवा करायचा. 2019 च्या उन्हाळ्यात लॉस एंजलिसने करारातले पैसे मोजून त्याला मोकळं केलं. वय 34. त्यानंतर तो लीगमध्ये खेळलाच नाही.

सीब्रुक, कीथचा वर्षानुवर्षांचा जोडीदार. 2013 मध्ये डेट्रॉइटविरुद्ध सातव्या सामन्यात ओव्हरटाइममध्ये त्याने केलेला गोल शिकागोवाले कधी विसरणार नाहीत. अंगाने भक्कम, जाळ्यासमोरची जागा मोकळी करणं हे त्याचं काम. ते अतिशय अंगमेहनतीचं काम आहे. शंभर किलोच्या माणसाला रेटत उभं राहायचं आणि त्याच वेळी पकवरची नजर काढायची नाही. डिसेंबर 2019 मध्ये त्याच्या उजव्या खांद्याची शस्त्रक्रिया झाली, आणि पुढच्या दोन महिन्यांत एकेक करून दोन्ही खुब्यांची. एवढं होऊनही 2020 च्या उन्हाळ्यात तो सराव शिबिराला आला. मार्च 2021 मध्ये त्याने जाहीर केलं की आता शक्य नाही. 1,114 सामने, वय 35. दोन्ही खुबे आणि एक खांदा एकापाठोपाठ दुरुस्त करून घेऊन बर्फावर परतायला किती मनोबल लागत असेल हे मी जाणते, कारण एका खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर पायऱ्या चढायला शिकणारी माणसं मी रोज पाहते. सीब्रुकच्या शेवटच्या मोसमांत त्याच्या कराराच्या आकड्यावरून त्याला जे ऐकून घ्यावं लागलं त्याचा मला आजही राग येतो. तो करार त्याने चोरून मिळवला नव्हता. 2015 च्या सप्टेंबरमध्ये, तिसरा कप जिंकून दिल्यावर, संघानेच तो देऊ केला होता, आठ वर्षांसाठी.

वेबर आणि सूटर ही तर एकाच संघातली जोडी, 2012 पर्यंत नॅशव्हिलला बरोबर खेळली. वेबरचा शॉट लीगमधल्या सर्वात जोरकस शॉटपैकी, आणि जाळ्यासमोर त्याच्याशी झुंजायला कुणी खुशीने जात नसे. 2018 मध्ये पावलाची शस्त्रक्रिया, मग गुडघ्याची. 2021 मध्ये मॉन्ट्रियलला अंतिम फेरीपर्यंत नेलं, तेव्हा पाय, गुडघा, अंगठा सगळंच जायबंदी होतं. जुलैमधला तो सामना त्याचा शेवटचा ठरला. वय 35. गेल्या वर्षी तोही हॉल ऑफ फेममध्ये गेला.

आणि सूटर? मिनेसोटात त्याने एकेका मोसमात सामन्याला सरासरी 29 मिनिटांहून अधिक वेळ खेळून काढला. आकडा बघून वाटावं, हा सर्वात आधी संपणार. तो गेल्या मोसमापर्यंत, वयाच्या चाळिशीत, सेंट लुईसकडून खेळत होता. दीड हजाराच्या वर सामने झाले. मी त्याला पुष्कळ पाहिलंय. तो धावपळ करतच नाही. पक कुठे जाणार ते ओळखून दोन पावलं आधीच सरकलेला असतो, धडक देत नाही आणि घेतही नाही, पक हातात आला की सर्वात साधा पास. त्याच्या 29 मिनिटांत वेबरच्या 25 मिनिटांपेक्षा कमी झीज होती, असं माझं मत आहे आणि मी त्यावर ठाम आहे.

पाचवा बर्न्स. ड्राफ्ट झाला तेव्हा फॉरवर्ड, नंतर डिफेन्सवर आला. चाळिशी गाठली, आज कोलोरॅडोकडून खेळतोय, आणि सलग 900 च्या वर सामने तो एकही न चुकवता खेळलाय. प्रचंड देह, लांब हात. त्यामुळे जिथे दुसऱ्याला दोन पावलं लागतात तिथे त्याची स्टिक पोचते.

म्हणून मिनिटांचा तक्ता वाचून कुणी "हा थकला" म्हणालं की मला पटत नाही. मिनिटं कशात गेली ते विचारायला हवं. धडका किती खाल्ल्या, शॉट अंगावर किती घेतले, जाळ्यासमोर किती झुंजला, कोपऱ्यातला पक काढायला किती वेळा पाठमोरा गेला.

8 नोव्हेंबर, शनिवार

हॉल ऑफ फेम पाहायला गेलो, यंग आणि फ्रंट रस्त्यांच्या कोपऱ्यावर. 1885 सालची बँक ऑफ मॉन्ट्रियलची इमारत आहे. आतल्या घुमटाखाली करंडक मांडलेत. सर्वोत्तम डिफेन्समनला मिळणारा नॉरिस करंडक 1954 पासून दिला जातो. निक्लास लिडस्ट्रॉमने तो सात वेळा जिंकला, शेवटचा 2011 मध्ये, वय 41 असताना. लिडस्ट्रॉम, 48 व्या वर्षापर्यंत खेळलेला ख्रिस चेलिओस, 45 पर्यंत खेळलेला चारा: या तिघांची नावं घेऊन लोक म्हणतात, "बघा, वय हा नुसता आकडा." मला हा युक्तिवाद धोक्याचा वाटतो. टिकले त्यांचीच नावं आपल्याला पाठ असतात. जे तेहतिसाव्या वर्षी खुबा धरून घरी बसले त्यांची यादी कुठल्याच भिंतीवर नाही.

9 नोव्हेंबर, रविवार

आज मुलाच्या सामन्यानंतर मुद्दाम थांबून सोळा-सतरा वर्षांच्या मुलांचा सामना काचेला नाक लावून पाहिला, खाली कोपऱ्यात, जाळ्याच्या मागच्या बाजूला. डिफेन्समनच्या झिजेची जागा तीच आहे.

विरोधी संघाने मध्यरेषेवरून पक आत भिरकावला. डिफेन्समन वळला आणि पाठमोरा कोपऱ्याकडे निघाला. जाताना एकदा डाव्या, एकदा उजव्या खांद्यावरून मागे पाहिलं. दोन फॉरवर्ड येत होते. पकपाशी पोचताच त्याने गुडघे वाकवले, अंग बोर्डला समांतर केलं आणि नितंबाची बाजू पुढे दिली. पुढच्याच क्षणी पहिला फॉरवर्ड येऊन आदळला. माझ्या हाताखालची काच हादरली. पक तोवर त्याने जोडीदाराकडे सरकवलेला होता. उठला, जाळ्यासमोर गेला, तिथे दुसऱ्याने पाठीत स्टिक रोवली. 40 सेकंदांत हे सगळं. मिनिटभर बसला आणि पुन्हा तेच. बोर्डाला चिकटून धडक घेतली तर अंगावर विभागली जाते. बोर्डापासून हातभर दूर असताना बसली तर खांदा किंवा डोकं आधी लागतं. हे त्या पोराला कुणीतरी नीट शिकवलेलं होतं.

नियमांनीही या कामाचं ओझं वाढवलंय. 2004–05 चा अख्खा मोसम मालक आणि खेळाडूंच्या वादात बुडाला. त्यानंतर लीगने खेळ वेगवान करायचं ठरवलं. मधल्या लाल रेषेपलीकडचा लांब पास चालू लागला. फॉरवर्डला स्टिकने अडकवणं, धरणं, वाटेत उभं राहून रोखणं यावर कडक शिक्षा सुरू झाली. पूर्वी कोपऱ्यात जाणाऱ्या साथीदारासाठी दुसरा डिफेन्समन समोरच्याची वाट जराशी अडवायचा. त्या दोन सेकंदांनी कित्येक सांधे वाचायचे, ते सेकंद गेले. शिवाय गोलमागे समलंब चौकोन आखून गोलरक्षकाला कोपऱ्यातल्या पकला हात लावायला बंदी झाली. गोलरक्षक येऊन पक काढून द्यायचा, तेही काम डिफेन्समनच्या अंगावर आलं. खेळ देखणा झाला, गोल वाढले, आणि त्याची किंमत ज्यांनी मोजली त्यांच्याबद्दल फारसं कुणी बोललं नाही. 2013 मध्ये आयसिंगचा, म्हणजे आपल्या अर्ध्यातून पक थेट समोरच्या टोकापर्यंत भिरकावण्याबद्दलचा, नियम बदलला, बोर्डापर्यंतची जीवघेणी शर्यत आता वर्तुळांच्या खुणेपाशीच निकालात निघते. हा एक नियम मात्र खरोखर डिफेन्समनच्या हाडांचा विचार करून झाला.

1970 चे किंवा 1990 चे दाखले देऊन "पूर्वी माणसं चाळिशीपर्यंत खेळायची" म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. पस्तिशीच्या खेळाडूचा वेग तेवढाच राहिला तरी आजूबाजूचा खेळ वेगवान झाला की तो मागे पडलाच.

10 नोव्हेंबर, सोमवार

कीथ आज हॉल ऑफ फेममध्ये गेला. आनंद झाला. 1,256 सामने, तीन कप, दोन नॉरिस, कॅनडासाठी ऑलिंपिकची दोन सुवर्णपदकं.

त्याच्या उतरणीचा काळही मला तितकाच बोलका वाटतो. 2009 ते 2015 या सात वर्षांत त्याने नेहमीच्या मोसमांखेरीज प्लेऑफचे शंभराहून अधिक सामने खेळले, वर दोन ऑलिंपिक. बहुतेक संघ एप्रिलमध्ये सुट्टीवर जायचे तेव्हा शिकागोची माणसं मे-जूनपर्यंत बर्फावर असायची, आणि सप्टेंबरात पुन्हा शिबिर. शरीर दुरुस्त व्हायला जो उन्हाळा लागतो तो त्यांना अर्धाच मिळाला. 2017–18 मध्ये कीथ सगळे 82 सामने खेळला आणि गोल केले दोन. पायांतला तो झटका उतरलेला दिसत होता. तरी त्याची मिनिटं सामन्याला 24 च्या आसपास! प्रशिक्षक नावाकडे बघून माणूस उतरवतात. पहिल्या जोडीत दहा वर्षं असलेल्याला तिसऱ्या जोडीत बसवायचं धाडस फार थोड्यांकडे असतं, आणि खेळाडूही स्वतःहून म्हणत नाही की मला कमी खेळवा.

शेवटच्या मोसमात तो एडमंटनला गेला. तिथे वेळ 20 मिनिटांच्या आत आला, आणि जोडीला मिळाला तरुण एव्हन बूशार. 38 वर्षांचा कीथ त्या पोराला जागा दाखवत, बोलत बोलत खेळत होता, आणि संघ पश्चिम विभागाच्या अंतिम फेरीपर्यंत पोचला. मला तो मोसम त्याच्या मोठ्या मोसमांइतकाच आवडतो. हाच बदल चार वर्षं आधी झाला असता तर तो चाळिशीपर्यंत खेळला असता, असं माझं मन सांगतं.

चाराचंही उदाहरण घ्या. बॉस्टनला आला तेव्हा सामन्याला 27 मिनिटांच्या वर खेळायचा. चाळिशीनंतर बॉस्टनने ते 21 च्या आसपास आणलं, आणि वॉशिंग्टनला गेल्यावर 18. तेव्हाच तर 1,680 सामने झाले, डिफेन्समनमध्ये सर्वाधिक. आणि ऑलिव्हर एकमन-लार्सन: ॲरिझोनाचा कर्णधार, संघाचा सगळा भार वर्षानुवर्षं त्याच्यावर. व्हँकुव्हरला असताना पायही दुखावला. 2023 मध्ये व्हँकुव्हरने त्याला पैसे मोजून मोकळं केलं. "संपला," असं सगळे म्हणाले. फ्लोरिडाने घेतलं, प्लेऑफमध्ये तिसऱ्या जोडीत ठेवलं, समोर सर्वात तिखट फॉरवर्ड येणार नाहीत याची काळजी घेतली. जून 2024 मध्ये त्याने कप उचलला. नंतर तो आमच्या टोरांटोत आला. संपलेला माणूस असा कप उचलत नाही. त्याच्यावरचं ओझं कमी झालं होतं, एवढंच.

13 नोव्हेंबर, गुरुवार

मुलाच्या क्लबकडून पत्र आलंय. मोसम मार्चमध्ये संपतो. त्यानंतर एप्रिल-मे-जूनची वसंत लीग, मग जुलै-ऑगस्टला शिबिरं. डिफेन्स खेळणाऱ्यांसाठी वळण्याच्या कौशल्याचे खास वर्ग. पत्रात लिहिलंय की गंभीरपणे खेळणाऱ्या मुलांनी हे चुकवू नये. तो बारा वर्षांचा आहे. रात्री आम्ही दोघांनी बसून ठरवलं, फॉर्म भरायचा नाही. त्याला वाईट वाटलं, साहजिकच आहे, त्याचे मित्र जाणार. पण त्याच्या खुब्यातल्या वाढीच्या रेघा अजून उघड्या आहेत. सीब्रुकच्या, वेबरच्या खुब्या-गुडघ्यांवर ज्या वयात पहिलं ओझं पडलं असेल तेच हे वय. पस्तिशीत दिसणाऱ्या उतरणीचा पाया बाराव्या-तेराव्या वर्षी घातला जातो, आणि तो घालणारे आपण असतो, पहाटे गाडी चालवून रिंकवर नेणारे आईवडील.

अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेची शिफारस स्पष्ट आहे: एकाच खेळात रमलेल्या मुलाला वर्षातून एकूण तीन महिने त्या खेळापासून सुट्टी द्या, महिन्या-महिन्याच्या तुकड्यांत चालेल. त्या काळात त्याने घरी बसावं असं कुणी म्हणत नाही. पळू दे, पोहू दे, बॅडमिंटन खेळू दे. खुब्याला वेगळ्या दिशेची हालचाल मिळू दे.

ब्रॅम्प्टनपासून स्कारबरोपर्यंत आता कितीतरी मराठी घरांतली मुलं हॉकी खेळतात. त्यांच्या आईवडिलांना माझी कळकळीची विनंती आहे. या मार्चमध्ये मोसम संपला की स्केट धुऊनपुसून वर ठेवा, सप्टेंबरपर्यंत काढू नका. मुलगा किंवा मुलगी डिफेन्सवर असेल तर जरूर ठेवा. आणि जांघेत दुखतंय असं एकदा जरी म्हणाली, तर "ओढ बसली असेल" म्हणून सोडून देऊ नका, खुबा तपासून घ्या.